उपराजधानीचा विस्तार आणि स्थानिक राजकारणाचा संकोच : नागपूर शहराची एक चिकित्सा

सारांश

नागपूर हे महाराष्ट्राचे उपराजधानीचे शहर आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या शहरात मिहान, मेट्रो, सिमेंटचे रस्ते, समृद्धी महामार्ग अशा प्रकल्पांची रांग लागली. या वाढीचे वर्णन सामान्यतः 'विकास' या एकाच शब्दाने केले जाते व त्याचे श्रेय अथवा अपश्रेय व्यक्तींना दिले जाते. प्रस्तुत लेखात या वाढीचा विचार संस्थांच्या अंगाने केला आहे. शहर जसजसे विस्तारत गेले तसतसे शहराविषयी निर्णय घेण्याचे स्थानिक क्षेत्र आक्रसत गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी नागपूर करार, नियोजन प्राधिकरणांची विभागणी, महापालिकेची वित्तीय स्थिती आणि २०२२ ते २०२६ हा प्रशासकीय राजवटीचा काळ यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : उपराजधानी, नागपूर करार, नागपूर सुधार प्रन्यास, महानगरपालिका, ७४ वी घटनादुरुस्ती, प्रशासक

१. प्रस्तावना

राजधानीच्या शहराची वाढ ही इतर शहरांच्या वाढीसारखी नसते. व्यापारी शहर बाजारपेठेमुळे वाढते, गिरणगाव कारखान्यामुळे वाढते. राजधानी मात्र निर्णयामुळे वाढते. शासनाने एखादे कार्यालय, एखादे न्यायालय, एखादा मार्ग कोठे न्यावयाचा हे ठरवले की जमिनीचे मोल बदलते आणि वस्ती त्या दिशेने सरकू लागते. त्यामुळे राजधानीच्या नगरात स्थानिक राजकारण नेहमीच दुय्यम ठरण्याचा धोका असतो. ज्या सत्तेने शहराला मोठे केले तीच सत्ता शहराला स्वतःविषयी बोलू देण्यास फारशी उत्सुक नसते.

नागपूरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हे शहर पूर्वी पूर्ण राजधानी होते व आज वर्षातील काही दिवसांपुरतेच राजधानी असते. राजधानी असण्याचे सारे ओझे आणि राजधानी नसल्याची सारी खंत अशा दोन्ही गोष्टी या शहराच्या राजकारणात एकत्र नांदतात. विदर्भाच्या अनुशेषावर विपुल लेखन झाले आहे. परंतु विदर्भाचे केंद्र असलेल्या या शहराचा कारभार प्रत्यक्षात कोण चालवितो, या प्रश्नाकडे त्या तुलनेत दुर्लक्ष झाले आहे. प्रदेशाच्या न्यायाचा विचार करताना शहरातील न्याय नजरेआड होणे ही आपल्या चर्चाविश्वाची मर्यादा मानावी लागेल.

२. राजधानीपणाचा प्रवास

अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नागपूर वसविले. पुढे रघूजी भोसले यांच्या काळात ते भोसल्यांच्या राज्याची राजधानी झाले. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर दत्तक वारस नाकारून इंग्रजांनी हे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी म्हणून नागपूरची नवी ओळख तयार झाली. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १९३६ मध्ये उच्च न्यायालय आले. प्रशासन, कापूस आणि रेल्वे या तीन आधारांवर आधुनिक नागपूर उभे राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्याआधी अवघ्या अठरा दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. एकाच महिन्यात शहराने शासकीय राजधानीपण गमावले आणि एका वेगळ्या अर्थाने ते मोठ्या समाजाची सांस्कृतिक राजधानी बनले. शासकीय दप्तरांनी पहिल्या घटनेची नोंद ठेवली. शहराचे खरे रूप मात्र दुसरीनेही तितकेच घडविले आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली असती तर नागपूर पुन्हा राजधानी झाले असते. २००० मध्ये रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. भोपाळचा मोठा प्रदेश पूर्वी वेगळ्या संस्थानात होता. परंतु रायपूरचा कारभार तर एकेकाळी नागपूरहूनच चालत असे. आपल्या आधिपत्याखालील नगर राजधानी व्हावे आणि आपण उपराजधानी राहावे, ही भावना येथील राजकीय भाषेत वारंवार प्रकट होते. ती भावना समजून घेण्याजोगी आहे. तथापि तिने एक घोटाळा केला आहे : शहराच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'वरून' यावे, अशी सवय तिने लावली.

३. नागपूर करार : एका दस्तऐवजाचे वाचन

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार हा या सवयीचा मूळ दस्तऐवज आहे. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांच्या त्यावर स्वाक्षऱ्या आहेत. शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे व्हावे, उच्च न्यायालयाचे पीठ येथे असावे, नोकऱ्यांत व शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, अशी त्यातील प्रमुख आश्वासने होत.

हा करार बारकाईने वाचला असता एक बाब ठळकपणे जाणवते. करार प्रदेशाशी आहे, शहराशी नाही. त्यात नागपूर हे शासनाच्या मुक्कामाचे ठिकाण आहे. स्वतःचा कारभार करणारे नगर म्हणून ते त्यात येत नाही. शहराला काय मिळेल याचा उल्लेख आहे, शहर काय ठरवील याचा नाही. राजधानीपण ही येथे सन्मानाची बाब झाली आणि अधिकाराची बाब मागे पडली.

पुढील इतिहासाने ही उणीव अधोरेखित केली. १९६० पासून हिवाळी अधिवेशनाची परंपरा सुरू झाली. परंतु 'शासनाचा मुक्काम' हा करारातील व्यापक आशय उत्तरोत्तर काही दिवसांच्या बैठकीपर्यंत येऊन ठेपला. २०२० व २०२१ मध्ये हे अधिवेशन मुंबईतच झाले. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे होते. कर्नाटकाने २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभारून अशीच प्रथा पाडली. दुय्यम राजधानीची ही कल्पना दोन्ही ठिकाणी प्रदेशाला दिलासा देण्यासाठी वापरली गेली. त्या नगरांच्या स्वराज्याशी तिचा संबंध जोडला गेला नाही.

अधिवेशनाचा शहराशी येणारा संबंध दोन घटनांतून स्पष्ट होतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. राज्यभरातील दुःख या शहराच्या रस्त्यांवर येते, पण ते ऐकून घेण्याची व्यवस्था येथे कायमस्वरूपी नसते, हे त्या दिवशी भीषण रीतीने दिसले. दुसरी घटना ६ जुलै २०१८ ची. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात भरले होते. मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजपुरवठा यंत्रणेत शिरले आणि कामकाज थांबवावे लागले. शहरातील वस्त्यांना दर पावसाळ्यात जो अनुभव येतो तो त्या दिवशी राज्याच्या विधिमंडळाला आला. मात्र विधिमंडळ तेथून परतू शकते; वस्ती परतू शकत नाही.

४. वाढ कशाची?

'झपाट्याने वाढणारे शहर' हे विशेषण नागपूरला सर्रास लावले जाते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे. जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ४.४९ लाख, १९७१ मध्ये ८.६६ लाख, १९९१ मध्ये १६.२५ लाख आणि २०११ मध्ये २४.०५ लाख होती. दशवार्षिक वाढीचा दर पाहिल्यास १९७१-८१ मध्ये तो सुमारे ४१ टक्के, १९८१-९१ मध्ये ३३ टक्के, १९९१-२००१ मध्ये २६ टक्के आणि २००१-११ मध्ये १७ टक्के येतो. म्हणजे ज्या काळात विकासाची भाषा सर्वाधिक उच्चरवाने बोलली गेली, त्याच काळात महापालिका हद्दीतील लोकसंख्यावाढ मंदावली होती.

याचा अर्थ शहर थांबले असा नाही. वाढ हद्दीबाहेर सरकली आणि तिचे स्वरूप बदलले. आधीची वाढ प्रामुख्याने माणसांची होती. नंतरची वाढ जमिनीची, तिच्या किमतीची आणि बांधकामाची आहे. वर्धा मार्ग, हिंगणा, बेसा, हुडकेश्वर, कोराडी या दिशांना अभिन्यास पडत गेले. हुडकेश्वर-नरसाळा हा भाग २०१३ मध्ये महापालिकेत आला. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीमार्फत मिहान प्रकल्प आकाराला आला आणि शिवणगावसारख्या गावांचे शेत, गोठे व घरे 'प्रकल्पक्षेत्र' झाली. मेट्रोचे भूमिपूजन २०१४ मध्ये, पहिले उद्घाटन मार्च २०१९ मध्ये आणि पहिल्या टप्प्याची पूर्तता डिसेंबर २०२२ मध्ये झाली. त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला; ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला.

दुसरीकडे, ज्या कामगारवर्गाने विसाव्या शतकातील नागपूर घडविले त्याचा आधार याच काळात सुटला. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. शहराची वाढ आणि शहरातील श्रमिकाची वाढ या एक गोष्टी नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

५. एक शहर, अनेक प्राधिकरणे

या वाढीचे नियोजन कोणी केले, असा प्रश्न विचारला तर एक उत्तर मिळत नाही. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था अस्तित्वात आली. वसाहतकालीन 'सुधारणा मंडळां'च्या धर्तीवरील या संस्थेचा प्रमुख शासननियुक्त असतो. महापालिका १९५१ मध्ये आली. ती निवडून आलेली संस्था आहे. तेव्हापासून एकाच शहरात दोन संस्था जमिनीचा कारभार पाहू लागल्या. अभिन्यास प्रन्यासाने मंजूर करावेत, कचरा महापालिकेने उचलावा. विकासशुल्क एकाने घ्यावे, गटाराची तक्रार दुसऱ्याकडे जावी, असा हा व्यवहार होता. अनधिकृत वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि '५७२' व '१९००' हे अभिन्यासांचे आकडे नागपूरकरांच्या बोलण्यात कायमचे रुजले. ज्या घरात पिढी वाढली ते घर कागदावर आहे की नाही, हे जाणून घेण्यासाठी नागरिकाने एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हेलपाटे घालावेत, ही त्या आकड्यांमागील वस्तुस्थिती आहे.

प्रन्यास बरखास्त करावा ही मागणी सर्वच पक्षांनी कधी ना कधी केली. शासनाने तशी घोषणाही केली. परंतु त्याच सुमारास, २०१७ मध्ये, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महापालिका क्षेत्राच्या पंधरापटींहून अधिक आहे. प्रन्यासही पुढे टिकून राहिला. संस्था कमी करण्याच्या प्रयत्नातून संस्था वाढल्या. यात मेट्रोच्या मार्गालगत पाचशे मीटरच्या पट्ट्यातील वाढीव चटईक्षेत्राचे धोरण, स्मार्ट सिटीसाठी स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी आणि २०१२ पासून खाजगी संचालकाकडे गेलेला पाणीपुरवठा यांची भर घातली, की निवडून आलेल्या सभागृहाकडे उरते काय, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरनियोजन हा बाराव्या अनुसूचीतील पहिला विषय केला. नागपुरात मात्र तोच विषय सभागृहाच्या हातून सर्वाधिक निसटला. वित्ताबाबतही हेच झाले. जकात हे महापालिकेचे स्वतःचे, दररोज गल्ल्यात येणारे उत्पन्न होते. एप्रिल २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतांशी रद्द झाला आणि २०१७ नंतर वस्तू व सेवा करापोटीच्या शासकीय अनुदानावर भिस्त आली. जकातीत गैरप्रकार नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तथापि, ज्या संस्थेचे उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते तिचे निर्णयही हळूहळू त्याच मर्जीवर अवलंबून राहतात, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा साधा नियम आहे.

६. नेतृत्वाची शिडी आणि प्रभागाचा खेळ

नागपूर महापालिकेने राज्याला व देशाला नेतृत्व दिले, ही अभिमानाची बाब म्हणून सांगितली जाते. देवेंद्र फडणवीस १९९७ मध्ये येथे महापौर झाले व २०१४ मध्ये मुख्यमंत्री. नितीन गडकरी १९९५ ते १९९९ या काळात राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते व २०१४ पासून शहराचे खासदार व केंद्रीय मंत्री आहेत. शहरात आलेल्या प्रकल्पांमागे या नेतृत्वाचे वजन आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चिकित्सेचा मुद्दा व्यक्तींच्या पलीकडचा आहे. मोठा नेता असल्यामुळे शहराला प्रकल्प मिळणे आणि मोठी संस्था असल्यामुळे शहराला प्रकल्प ठरविता येणे, यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात शहर लाभार्थी असते. दुसऱ्यात ते कर्ते असते. नेत्याचा कार्यकाळ संपतो, संस्थेचा संपू नये अशी अपेक्षा असते.

संस्था बळकट करण्याचा एक प्रयोग येथे झाला होता. १९९८-९९ मध्ये मुंबई व नागपूर या दोन महापालिकांत मेयर-इन-कौन्सिल पद्धती आणली गेली. आयुक्ताकडील कार्यकारी अधिकार महापौर व त्याच्या परिषदेकडे देणारा हा प्रयोग वर्ष-दीड वर्षात गुंडाळला गेला. त्यातील दोष दूर करण्याऐवजी प्रयोगच रद्द झाला आणि महापौर पुन्हा शोभेच्या पदावर आला.

प्रभागरचनेचा इतिहासही असाच बोलका आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. प्रत्येक निवडणुकीत मतदाराला आपला नगरसेवक नव्याने शोधावा लागला. चार सदस्यांच्या प्रभागात नळ आला नाही तर चौघांपैकी कोणाला विचारायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रभाग मोठा झाला की निवडणुकीचा खर्च वाढतो, पक्षाचे चिन्ह प्रभावी होते आणि मोहल्ल्यात काम करणारा अपक्ष कार्यकर्ता बाहेर फेकला जातो. याचा फटका महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली, इंदोरा अशा दाट वस्तीच्या पूर्व व उत्तर भागांना अधिक बसतो. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ येथील नागरिकाला अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे अन्य मार्ग उपलब्ध असतात. विणकर वा हातगाडीवाल्याला नगरसेवक हाच एक दरवाजा असतो.

७. सभागृहाविना चार वर्षे

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासकाची राजवट आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिल्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटनेचे कलम २४३ यू सांगते. असे असूनही जवळपास चार वर्षे शहराला सभागृह नव्हते.

या चार वर्षांत शहर थांबले नव्हते, हे विशेष. मेट्रोचा पहिला टप्पा याच काळात पूर्ण झाला व दुसऱ्या टप्प्यास मंजुरी मिळाली. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठच्या वस्त्यांत प्रवेश केला. सांडव्यासमोरील स्मारक, नदीवरील बांधकामे, तलावाची सुरक्षितता हे सारे प्रश्न सभागृहात विचारले जावयास हवे होते. सभागृह नसल्याने ते जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात गेले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध जनक्षोभ उसळला व शासनाला त्याच दिवशी कामास स्थगिती जाहीर करावी लागली. ज्या भूमीशी लाखोंची श्रद्धा निगडित आहे तेथील कामाविषयी लोकांचे मन आधी जाणून घेण्याची जागाच उरली नव्हती, म्हणून ते रस्त्यावर कळले.

यावरून असे दिसते की सभागृह नाहीसे झाले तरी राजकारण नाहीसे होत नाही. ते जागा बदलते. नागरिक मतदार राहत नाही, तो याचिकाकर्ता होतो किंवा मोर्चेकरी होतो. याचिका करण्यास वकील लागतो आणि मोर्चास संख्या. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत त्याचा प्रश्न अनुच्चारित राहतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या मारबतींच्या मिरवणुकीत बडग्यांवर महागाई, खड्डे, भ्रष्टाचार यांचा उपहास लिहिलेला असतो. ही नागपूरची जुनी व अस्सल लोकचिकित्सा आहे. परंतु बडगा शेवटी जाळला जातो. त्यावर लिहिलेल्या प्रश्नाचे इतिवृत्त कोणी ठेवीत नाही. सभागृहाचे महत्त्व नेमके इतिवृत्तात आहे.

८. प्रतिवादाचा विचार

वरील प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नगरसेवक असतानाही नाले तुंबत होते आणि कंत्राटे संशयास्पद होती. मग प्रशासकाने काय बिघडविले? हा आक्षेप निराधार नाही. स्थानिक संस्थांतील टक्केवारीचे राजकारण सर्वपरिचित आहे. परंतु दुबळ्या संस्थेत दुबळी माणसे टिकतात, हेही खरे आहे. ज्या पदाला नियोजनाचा अधिकार नाही व स्वतःचा पैसा नाही, त्या पदावर कंत्राटाखेरीज करण्यासारखे फारसे उरत नाही. भ्रष्टाचार हे अधिकार काढून घेण्याचे कारण म्हणून सांगितले जाते. तो अधिकार काढून घेण्याचा परिणामही असू शकतो.

दुसरा आक्षेप असा की, मेट्रो वा महामार्ग यांसारखी कामे महापालिकेच्या कुवतीबाहेरची असून त्यांस स्वतंत्र यंत्रणा लागतेच. हे मान्य करावे लागेल. प्रश्न यंत्रणेचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. स्वतंत्र कंपनीने मार्ग बांधावा, परंतु मार्गालगतच्या वस्तीचे भवितव्य काय याचा निर्णय त्या वस्तीच्या प्रतिनिधींसमोर व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. घटनेच्या कलम २४३ झेडई ने महानगर नियोजन समितीची तरतूद याच हेतूने केली व तिच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांची निवड स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींतून व्हावी असे सांगितले. महानगराच्या नियोजनात ही समिती नाममात्र न राहता केंद्रस्थानी यावी.

९. समारोप

उपराजधानी ही पदवी नागपूरला एका नुकसानीची भरपाई म्हणून मिळाली. भरपाई मागण्याची भाषा या शहराने सात दशके आत्मसात केली. निर्णय घेण्याची भाषा मात्र विसरत गेली. शहराचा विस्तार झाला, त्याच्या रस्त्यांना रुंदी आली, त्याच्या डोक्यावरून गाड्या धावू लागल्या. परंतु आपल्या नदीचे, तलावाचे, वस्तीचे काय करावे हे ठरविणारे सभागृह त्या प्रमाणात उंचावले नाही. काही काळ तर ते अस्तित्वातच नव्हते.

जानेवारी २०२६ च्या मतदानाने सभागृहाची दारे पुन्हा उघडली. तथापि केवळ निवडणूक झाल्याने हा संकोच दूर होणार नाही. नियोजनाचे अधिकार एका निवडून आलेल्या संस्थेकडे येणे, उत्पन्नाचे खात्रीचे साधन मिळणे, प्रभाग नागरिकाला ओळखता येईल इतका लहान असणे आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक होणे, या चार गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. विदर्भाला न्याय मिळावा अशी मागणी करणाऱ्यांनी ही मागणीही आपली मानली पाहिजे. जो प्रदेश मुंबईकडे अधिकार मागतो, त्याच्या प्रमुख नगरात इंदोऱ्याच्या नागरिकाला आपल्या नगरपालिकेत अधिकार नसेल, तर त्या मागणीचे नैतिक बळ उणे होते. राजधानी असणे म्हणजे शासनाने येऊन बसणे इतकेच नव्हे. तेथील माणसाने आपल्या शहराविषयी बोलावे व ते बोलणे नोंदले जावे, हाही राजधानीपणाचा एक अर्थ आहे. नागपूरच्या स्थानिक राजकारणाची यापुढील कसोटी या अर्थावरच लागणार आहे.